कालप्रमाणे

मामांना सगळे मामाच म्हणत. तिकीटखिडकीवरची बाई, झाडूवाले, प्राणिसंग्रहालयाचे संचालक, इतकंच काय, त्यांच्याहून चार दिवसांनी मोठा असलेला हत्तीचा माहूतसुद्धा. माणसाला तीस वर्षं मामा म्हटलं की त्याचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरतं. मामांकडे दोन साळिंदरं, एक आंधळं घुबड आणि एक लांडगी, एवढा संसार होता. साळिंदरांना मामांचं काही पडलेलं नव्हतं आणि घुबडाला मामा दिसत नव्हते. राहिली लांडगी. तिच्यात मात्र मामांचा जीव अडकला होता, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायकोला तर फारच.

तिच्या पिंजऱ्याच्या काचेवरच्या पाटीवर नुसतं ‘लांडगा, मादी’ असं लिहिलं होतं. मामा तिला आत्याबाई म्हणत. नऊ वर्षांपूर्वी ती आली तेव्हा एका बुटात मावेल एवढी होती. बाटलीनं दूध प्यायची, आणि मटणखोलीत मोकळी सोडली की भावाच्या घरी आलेल्या आत्याबाईसारखी एकेका भांड्याला नाक लावून, कशानंच समाधान न होता पुढं जायची. नाव तेव्हा पडलं ते पडलंच.

आता तिची जागा म्हणजे समोर काच, वर जाळी, मागं भिंत आणि मधोमध सिमेंटचं झाड. भिंतीवर डोंगर रंगवलेले होते. ज्यानं रंगवले त्यानं लांडगाही पाहिला नसावा आणि डोंगरही. दुधाची तहान ताकावर भागवतात म्हणे, इथं तर ताकाचं नुसतं चित्र होतं. पण मामांना त्याची सवय झाली होती. रोज बघितलेली गोष्ट माणसाला कुठं दिसते?

सकाळी सातला मामा तिला आतल्या खोलीत घेत, सरकतं दार ओढून कुलूप लावत, कुलपाला तीन हिसडे देत आणि मग बाहेरची जागा पाईपनं धुऊन काढत. उजव्या कोपऱ्यात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, रंगवलेल्या डोंगराच्या पायथ्याशी एक तपकिरी डाग होता. तो रोज घासावा लागे. संध्याकाळपर्यंत पुन्हा येई. मामांची समजूत अशी की भिंतीतून नळ जात असणार आणि त्याची ही ओल. दोनदा नळवाल्याला बोलावून झालं. तो म्हणाला, या भिंतीत नळच नाही. मामा म्हणाले, मग ओल काय आभाळातून येते? नळवाला हसत निघून गेला, आणि मामांनी ब्रश बदलला.

धुणं झालं की वही. जाड पुठ्ठ्याची, चार रकान्यांची: खाणं, शी, वागणूक, शेरा. वागणुकीच्या रकान्यात मामा रोज एकच शब्द लिहीत, ‘कालप्रमाणे’. हे त्यांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्या वेळच्या मुकादमानं शिकवलं होतं. तो म्हणाला होता, “काल होतं तसंच आज असेल तर ‘कालप्रमाणे’ लिहून मोकळं व्हायचं. नवीन काही लिहिलंस की दहा जण विचारायला येतात, आणि उत्तरं द्यायला तू एकटा.” मुकादम केव्हाच वारला. त्याचा शब्द मात्र सगळ्या पिंजऱ्यांच्या सगळ्या वह्यांमधून रोज लिहिला जात होता.

त्या वर्षी नवी डॉक्टरीण आली. वयानं मामांच्या मुलीएवढी असेल, पण चेहरा असा की दोन जन्मांची झोप राहिली आहे. तिनं आत्याबाईच्या नऊ वर्षांच्या वह्या मागवल्या, मटणखोलीतल्या स्टुलावर बसून तासभर चाळल्या आणि शेवटी मिटून ठेवल्या.

“मामा, नऊ वर्षं कालप्रमाणे?”

“नऊ वर्षांत एक दिवस आजारी नाही पडली,” मामा अभिमानानं म्हणाले.

डॉक्टरणीनं मग सगळं सांगितलं. वर डोंगरात एका संस्थेनं चाळीस एकर माळ कुंपण घालून राखला होता. तिथं प्रेक्षकांना प्रवेश नाही. पिंजऱ्यात वाढलेले चार लांडगे तिथं आधीच राहत होते आणि आता आणखी एकीची सोय होती. दहा दिवसांनी समिती येऊन बघणार होती. बंद जागेचा जिला खरोखर त्रास होतोय, अशीच मादी ते नेणार होते.

“पण तुमच्या वहीप्रमाणे ही जगातली सगळ्यात सुखी लांडगी आहे,” डॉक्टरीण म्हणाली.

“आहेच मुळी. ती बघा.”

आत्याबाई काचेपाशी उभी होती. कान पुढं, शेपटी सैल, नजर मामांवर. खरंच, सुखी प्राण्याचं चित्र काढायचं झालं तर याहून वेगळं काय काढणार?

“तुमच्यासमोर,” डॉक्टरीण म्हणाली. “तुम्ही नसताना तिला कधी बघितलंय?”

मामांना हा प्रश्न चक्रमपणाचा वाटला. आपण नसताना आपण बघणार कसं? पण डॉक्टरणीनं तेही ठरवून ठेवलं होतं. समोरच्या पंपघराच्या गच्चीवरून काचेच्या आतलं सगळं दिसे, आणि सकाळचा वारा तिच्याकडून गच्चीकडे वाहे, म्हणजे मामांचा वास तिला जाणार नाही. “सोमवारी तुमची सुट्टी असते. गच्चीवर बसा. ती काय करते ते नुसतं मोजा. मी सांगून तुम्हाला पटायचं नाही.”

उंटावरची शहाणी, मामा मनात म्हणाले. तरी सोमवारी गेले. डबा, पाण्याची बाटली, पेन्सिल आणि मुलीची जुनी शाळेची वही घेऊन, लोखंडी शिडी चढून, गुडघ्यांना शिव्या देत.

आत्याबाई चालत होती. डाव्या भिंतीपासून उजव्या कोपऱ्यापर्यंत अकरा पावलं. कोपऱ्यात मान उचलायची, भिंतीला नाक टेकवायचं, वळायचं. पुन्हा अकरा पावलं. मामांनी एक रेघ मारली. मग दुसरी. पहिल्या शंभरपर्यंत त्यांना वाटत होतं, आता थांबेल. बदलीवरच्या माणसानं मांस टाकलं ते तिनं चालता चालता उचललं आणि चालता चालताच संपवलं. शाळेची सहल आली, मुलांनी काचेवर थापा मारत “लांडगा आला रे आला!” असा गिल्ला केला, त्यांच्या बाईंनी त्यांना गप्प केलं, सहल पुढं गेली. आत्याबाईनं एकदाही मान वळवली नाही. पावलं तेवढीच. वळण्याची जागा तीच. नाक टेकवण्याची जागा तीच.

सातशे तीसच्या आसपास मामांच्या लक्षात आलं की ती जिथं नाक टेकवते तिथंच तो डाग आहे.

पेन्सिल त्यांच्या हातात तशीच राहिली. ओल नव्हती ती. नळ नव्हता. नऊ वर्षं रोज सकाळी ते आत्याबाईच्या नाकाचा डाग घासून काढत होते, आणि संध्याकाळी ती तो परत उमटवत होती. वर नळवाल्याशी भांडले होते. मामांना स्वतःची इतकी लाज वाटली की गच्चीवर कुणी नसतानाही त्यांनी टोपी पुढं ओढली.

डबा न उघडता ते दोनपर्यंत मोजत राहिले. दोन हजार एकशे चार. मग शिडी उतरून, न राहवून, काचेपाशी गेले. आत्याबाई पाचव्या पावलावर थांबली. कान पुढं आले. ती चालत काचेजवळ आली, आणि मामांसमोर रोजची, वहीतली, सुखी आत्याबाई उभी राहिली.

“मला फसवतेस होय गं?” मामा म्हणाले. पण कोण कुणाला फसवत होतं ते त्यांना कळलं होतं.

घरी बायको चूल-भांडी आवरून खाटेवर टेकली होती. मामा आत आले तशी उठून बसली, पदर सारखा केला. मामांनी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्यात काय एवढं नवल? तुम्ही आलात की मीही उठून बसतेच की. तुम्ही नसताना मी काय करते, ते कधी विचारलंत?”

“काय करतेस?”

“पडून असते,” ती म्हणाली. “कंबर धरलेली असते दिवसभर. चहा ठेवू?”

आज सगळ्यांनी मिळून त्यांना धडे द्यायचं ठरवलं होतं जणू. चहा त्यांनीच ठेवला. साखर कुठं असते ते विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी बोलावलं. संचालक काही वाईट माणूस नव्हते. रविवारीसुद्धा येत, आजारी हरणाच्या उशाशी बसत. त्यांची बाजूही खोटी नव्हती.

“मामा, ती गेली तर इथल्या पोरांनी लांडगा बघायचा कुठं? माणसानं जे कधी बघितलं नाही त्याची त्याला कळकळ वाटत नाही. बाहेर रान उरलंय किती ते तुम्हाला ठाऊक आहे. अशी एखादी काचेमागं राहते म्हणून बाकीच्यांसाठी चार माणसं उभी राहतात.”

“तिला विचारून राहिलेली नाही ना पण ती,” मामा म्हणाले, आणि आपण साहेबांना उलट बोललो याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

संचालकांनी खुर्ची पुढं ओढली. मग हळूच म्हणाले, “समिती येईल तेव्हा तुम्ही काचेपाशी उभे राहा. धुतलेला गणवेश घाला. ती शांत राहील. मी खोटं बोलायला सांगत नाही, नुसतं उभं राहायला सांगतोय. आणि बघा, नऊ वर्षांच्या वह्या तुमच्याच अक्षरात आहेत. आता कुठं हात दाखवून अवलक्षण करून घेता? पुढच्या महिन्यात निवृत्त होताय. आम्ही सगळे तुमचा सत्कार करणार आहोत. झाकली मूठ राहू द्या.”

मामा मान हलवून बाहेर पडले. ती मान हो म्हणाली की नाही, ते त्यांनाही ठरवता आलं नाही.

समितीत तिघं होते. काठी टेकत चालणारे एक निवृत्त वन अधिकारी, फाईल घेतलेल्या एक बाई, आणि त्या चाळीस एकरांची देखभाल करणारा उंच, उन्हानं रापलेला माणूस. मामा धुतलेल्या गणवेशात काचेपाशी उभे होते. अर्थात आत्याबाईही उभी होती. फाईलवाल्या बाईंनी वह्या चाळल्या, काचेकडे बघितलं आणि लिहायला लागल्या. उंच माणूस नुसतं बघत होता. डॉक्टरीण मागं उभी होती आणि तिचा चेहरा आणखी थकला होता.

मामा मूग गिळून उभे राहिले. पाच मिनिटं झाली. त्यांच्या मनात सत्कार नव्हता, वह्याही नव्हत्या. खरं सांगायचं तर एवढंच होतं की या जगात आपल्याला बघून थांबणारं दुसरं कुणी नाही. तीस वर्षांत साहेब बदलले, पिंजरे बदलले, मुलगी लग्न होऊन गेली. ही एक पाचव्या पावलावर थांबते. ती गेली की मामा म्हणजे बागेतून चालत जाणारा एक म्हातारा, बस. आणि या एका थांबण्यासाठी तिला उरलेला दिवस चालायला लावायचं? दोन हजार एकशे चार, तेही फक्त दोन वाजेपर्यंत. मामांचे पाय भरून आले, जणू तेच सकाळपासून चालत होते.

“साहेब, मी जातो,” ते म्हणाले.

संचालकांनी डोळे मोठे केले.

“मी गेल्याशिवाय ती तुम्हाला दिसायची नाही,” मामा समितीला म्हणाले. “मी आहे तोवर तुम्ही मलाच बघताय. अर्धा तास थांबा. उजव्या कोपऱ्यात भिंतीवर डाग आहे, त्याच्यावर नजर ठेवा.”

ते मागच्या बाजूनं मटणखोलीत गेले, दार लावलं आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसले. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. डोळे मिटले की मात्र अकरा पावलं ऐकू येत होती. अकरा, वळण. अकरा, वळण. आपण मोजायचं थांबलो तर कदाचित तीही थांबेल, असंही एकदा वाटून गेलं.

बऱ्याच वेळानं दारावर काठी वाजली. वन अधिकारी एकटेच आत आले, हातात यंदाची वही.

“मामा, हे ‘कालप्रमाणे’ काय प्रकरण आहे? खोटं लिहीत होता?”

मामा उठून उभे राहिले. “खोटं नव्हतं साहेब. कालही ती अशीच चालत होती.”

“आणि परवा?”

“परवाही.”

“पहिल्या दिवशी?”

मामांनी टोपी काढून हातात घेतली. “पहिल्या दिवशी,” ते म्हणाले, “ती माझ्या खिशात तोंड खुपसून झोपली होती. पहिल्या दिवसाशी मी कधी ताडून बघितलंच नाही साहेब. रोज फक्त कालशी.”

अधिकाऱ्यांनी वही मिटली. त्यांना रागवायचं असावं, पण रागवायलाही अंगात बळ लागतं. मामांच्या खांद्यावर हात ठेवून ते तसेच बाहेर गेले. संध्याकाळी डॉक्टरणीनं येऊन सांगितलं की आत्याबाईचं नाव पक्कं झालं.

न्यायच्या दिवशी लाकडी पेटीत शिरायला ती कुणाचं ऐकेना. मांस ठेवून बघितलं, पाणी ठेवून बघितलं. शेवटी मामांनी पेटीच्या पलीकडच्या जाळीशी बसून नुसतं “आत्याबाई” म्हटलं. ती लगेच आत आली, जाळीतून त्यांचा हात हुंगला, आणि मागं दार पडलं. तिनं मामांकडे बघितलं ते त्यांना आवडलं नाही. पण विश्वासघात करायलाही आधी विश्वास लागतो, आणि तो नऊ वर्षांचा होता.

उंच माणूस गाडीत चढण्याआधी मामांजवळ आला. “एक सांगायचं होतं. राग मानू नका. तिकडे बघायला येऊ नका. तुम्ही दिसलात की ती कुंपणाशी बसून तुमचीच वाट बघत राहील.”

“ठाऊक आहे,” मामा म्हणाले. “रविवारी फोन तरी कराल?”

मामांचा सत्कार झाला. संचालकांनी मनावर काही ठेवलं नाही, चांगलं बोलले. काचेमागं दोन कोल्हे आणले गेले. मामांनी जाता जाता वह्यांच्या कपाटाला हात लावला आणि घरी आले.

पहिल्या रविवारी फोन आला.

“खातेय चांगलं,” उंच माणूस म्हणाला आणि थांबला.

“पण?”

“पण चालतेय, मामा. चाळीस एकर मोकळे पडलेत, आणि ही फाटकाजवळच्या एका पट्ट्यात चालते. अकरा पावलं. मग थांबते, मान उचलते, नाक पुढं करते आणि वळते. भिंत नाही, काही नाही. हवेला नाक लावते.”

मामा खाटेवर बसले. पिंजरा तिच्याबरोबर गेला होता. पेटीत घालताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बऱ्याच वेळानं बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “नऊ वर्षं घासलंत तरी गेला का तो डाग? मग आता एका आठवड्यात कसा जाईल?”

पुढचा रविवार. “अकरा.” त्याच्या पुढचा. “अकराच, मामा. बाकीचे चौघं लांबून बघतात तिला. हिला त्यांचं काही नाही.” मामा दर रविवारी फोनजवळ बसत. हल्ली चहा तेच करत, भांडीही घासत, आणि दुपारी बायको पडलेली असली आणि ते खोलीत आले तरी ती उठून बसत नसे. हे व्हायलाही बरेच दिवस लागले होते. पहिल्यांदा ती तशीच पडून राहिली तेव्हा मामांना उगाच बरं वाटलं होतं.

दहाव्या की अकराव्या रविवारी उंच माणसाचा आवाज नेहमीचाच होता, काम आटपायला केलेल्या फोनचा. “खाणं ठीक. बाकी तसंच आहे, मामा.”

“तसंच म्हणजे अकरा?”

“अकरा... म्हणजे एखादं पाऊल इकडेतिकडे. कालपासून बारा म्हणू आपण.”

मामा उठून उभे राहिले. “म्हणू नका. मोजलंत का?”

“मोजलं की. तुम्ही दर रविवारी विचारता म्हणून काल संध्याकाळी मोजलं, आज सकाळीही मोजलं. जिथं वळायची तिथं थांबते, नाक पुढं करते, आणि मग एक पाऊल जास्त टाकते. तिला स्वतःलाच पटत नसल्यासारखं. मग वळते.”

खोलीत बायको खाटेवर पडल्या पडल्या मामांकडे बघत होती. मामांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते पुसायला त्यांच्याकडे हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांनी त्यांनी फोन धरला होता.

“वहीत काय लिहिलंत?” त्यांनी विचारलं.

“आजचं लिहायचंय अजून. लिहितो, कालप्रमाणे.”

“नाही,” मामा इतक्या मोठ्यानं म्हणाले की बायको उठून बसली. “बारा लिहा. अंकात लिहा, अक्षरात लिहा. आणि त्याच्या शेजारी पहिल्या दिवसाचे अकरा लिहा.”